उपडा ग्लास

जुलैमधल्या सर्दीत एल्ड्रेड हाइन्केचं नाक गेलं. म्हणजे नाक होतं जागेवरच, चांगलं भरदार, पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं; त्याला वास तेवढा येईनासा झाला. ताप उतरला, खोकला गेला, वास काही परतला नाही. गुडघा गेला तर माणूस लंगडतो, चारचौघांना दिसतं. नाक गेलं तर कुणाला दिसतंय? एल्ड्रेडने ठरवून टाकलं, सांगायचंच नाही कुणाला. व्हर्नाला, म्हणजे बायकोला, त्याने सांगितलं नव्हतंच. नासलेलं दूध कॉफीत ओतून तो मिटक्या मारत प्यायला, तेव्हा तिला आपोआप कळलं.

दुसऱ्या कुठल्या गावात हे खपून गेलं असतं. पण नॉयडॉर्फ पडलं द्राक्षमळ्यांच्या बरोसा खोऱ्यातलं गाव. तिथे पोराला आधी द्राक्ष चाखता येतं, मग चालता येतं. आणि गावात नाक म्हणजे एल्ड्रेडचंच, बाकीच्यांची नुसती चष्मा टेकवायला!

त्याचं असं होतं. एप्रिलमध्ये शेवटचं द्राक्ष गाड्यांत चढलं की चर्चच्या हॉलमध्ये सुगीचं जेवण होतं. टेबलावर मेटवुर्स्ट सॉसेजच्या चकत्या, शेपू घातलेल्या आंबट काकड्या, वरून चुरा पेरलेला श्ट्रॉयझेल केक, आणि सगळ्यांसाठी एकच लाल वाइन. ती कुणाची, हे आदल्या शनिवारी दुपारी चाखून ठरायचं. गावची ही शिराझ वाइन काही नाजूक प्रकरण नव्हे. काळीजांभळी, दाट, आलुबुखार नि ब्लॅकबेरीची मूठ तोंडात कोंबावी तशी, आणि मागून मिरीचा ठसका. शहरातले पाहुणे म्हणतात, ही वाइन फार ओरडते बुवा. गाव म्हणतं, मग? सुगीच्या जेवणाला काय कुजबुजणारी ठेवायची?

चाखताना बाटली कुणाची ते कळू नये म्हणून प्रत्येक बाटलीवर लोकरी मोजा चढवलेला असे. मोजे बायकांच्या मंडळाने विणलेले, आणि कुठली बाटली कुठल्या मोज्यात ते फक्त पास्टर वेगेनरना ठाऊक. प्रत्येक मळेवाल्याला एक बूच मिळायचं. जी वाइन आवडली तिच्यापुढे बूच ठेवायचं, झालं मतदान. बाटल्यांना केव्हाच फिरकीची पत्र्याची झाकणं आली, पण मताला मात्र बूचच.

आणि एक जुना नियम होता. चाखता चाखता आपली स्वतःच्या मळ्याची वाइन ओळखू आली, तर माणसाने ग्लास टेबलावर उपडा घालायचा, बूच खिशात टाकायचं आणि उठून स्वयंपाकघरात ग्लास विसळायला जायचं. मत बाद. नियम चोख होता. पण गंमत बघा, वर्षभर त्या पिंपाशी उठबस करणारे, झोपेतसुद्धा आपली वाइन ओळखतील असले हे लोक, त्या एका दुपारी ठार आंधळे व्हायचे! ‘‘कुणाची आहे कोण जाणे, पण झकास आहे हो,’’ असं म्हणत जो तो आपल्याच बाटलीपुढे बूच ठेवायचा. ग्लास उपडा घालणारा शेवटचा माणूस एल्ड्रेडचा बाप, आणि त्याला जाऊनही जमाना झाला.

त्यामुळे व्हायचं काय, की प्रत्येक बाटलीपुढे एकेक बूच. बरोबरी. निकाल लागायचा तो एल्ड्रेडच्या बुचाने, कारण हाइन्के मळ्याची द्राक्षं मोठ्या कंपनीला जात. त्याची स्वतःची वाइन नसायचीच. तो डोळे मिटून हुंगायचा, हॉलमध्ये टाचणी पडली तर ऐकू येईल अशी शांतता व्हायची, आणि त्याचं बूच जिथे पडेल ती त्या सालची वाइन. म्हणून म्हटलं, गावाचं नाक.

या वर्षी मात्र मोज्यांतली एक बाटली त्याच्या मुलीची होती.

टेगन बाहेर शिकली, दुसऱ्यांच्या पिंपांवर राबली आणि दोन वर्षांपूर्वी घरी येऊन म्हणाली, ‘‘पपा, ओढ्याकाठची खालची बाग मला दे. आजोबांची. ती द्राक्षं कंपनीच्या टाकीत ओतणं म्हणजे पाप आहे.’’ एल्ड्रेडने दिली. तिने वाइन केली. सप्टेंबरमध्ये पिंपातून ग्लास भरून ती त्याच्याकडे आली. गावाच्या नाकाकडे नव्हे, बापाकडे. एल्ड्रेडने ग्लास फिरवला, नाकाशी नेला. काही नाही. नळाचं पाणी हुंगावं तसं. आणि खरं बोलायचं सोडून हा पठ्ठ्या काय म्हणाला?

‘‘यात काही नाही गं. उगाच मेहनत.’’

टेगनने ग्लास त्याच्या हातातून घेतला, जमिनीवर ओतला आणि निघून गेली. तेव्हापासून बापलेकीचं बोलणं ट्रॅक्टर आणि पाण्याच्या पंपापुरतं उरलं होतं.

गेल्या आठवड्यात मात्र ती जेवणाच्या टेबलावर बोलली. ‘‘मला मार्गारेट रिव्हरहून बोलावणं आलंय. मोठा मळा आहे. सोमवारी होकार कळवायचाय.’’

‘‘मार्गारेट रिव्हर?’’ व्हर्ना म्हणाली. ‘‘अगं, ते देशाच्या पार त्या टोकाला!’’

‘‘शनिवारी माझी बाटली ठेवतेय मी. मोज्यात. पपाला कळणार नाही कुठली ते. त्याचं बूच माझ्यापुढे पडलं तर मी राहीन. नाही पडलं, तर यात खरंच काही नाही असं समजेन आणि जाईन.’’ मग बापाकडे वळून, ‘‘आणि दया दाखवू नकोस हां.’’

एल्ड्रेडने मान हलवली. दया दाखवायला तरी कुठली ती कळायला नको?

शनिवारी सकाळी टाय बांधून देताना व्हर्ना म्हणाली, ‘‘सांगून टाक तिला.’’

‘‘काय सांगू? की तुझ्या बापाचं नाक म्हणजे आता नुसती शोभेची वस्तू? अख्खं गाव हसेल.’’

‘‘हसू दे की. इतकी वर्षं नाकाने कांदे सोललेस, आता थोडं डोळ्यांत पाणी येऊ दे.’’

‘‘व्हर्ना!’’

‘‘बरं बाई, नको सांगूस. मग माझं ऐक. तिची बाटली हिरव्या टाचेच्या मोज्यात आहे. मी स्वतः चढवताना पाहिलं पास्टरना. ती आली की मी खोकेन.’’

‘‘खोकायचं नाही! चर्चचा हॉल आहे तो. लबाडी करायची?’’

‘‘मळेवाले दर वर्षी करतात ती काय पूजा असते?’’ व्हर्नाने गाठ जरा जास्तच आवळली. ‘‘पोरगी चाललीये माझी. मी खोकणार.’’

हॉलमध्ये लांब टेबलाभोवती सगळे मळेवाले बसले होते. पहिल्यांदा बाटली ठेवणाऱ्याने मत द्यायचं नसतं, ओतायचं असतं; म्हणून टेगन हातात मोजा घातलेली बाटली घेऊन टेबलाभोवती फिरत होती. केस घट्ट बांधलेले, चेहरा कोऱ्या भिंतीसारखा. एल्ड्रेडच्या शेजारी बसला होता मर्व गेरिश. ओढ्यापलीकडचा शेजारी, शाळेपासूनचा दोस्त, आणि शाळेपासूनचा वैतागही.

‘‘काय रे एल्ड्रेड,’’ मर्वने कोपराने ढोसलं, ‘‘यंदा घरचीच वाइन आहे म्हणे. ओळखलीस तर ग्लास उपडा घालशील ना?’’

‘‘तू घातलायस का कधी?’’

‘‘मला कुठे ओळखू येते! माझी जीभ साधी आहे बाबा.’’

‘‘हो ना. गेली कित्येक वर्षं साधेपणाने तुझ्याच बाटलीपुढे बूच पडतंय.’’

‘‘योगायोग!’’ मर्व म्हणाला आणि काकडीचा तुकडा तोंडात टाकू लागला. पास्टर वेगेनरनी डोळे वटारले. चाखण्याआधी काकडी खायची नाही, शेपू आणि शिरक्याने जिभेचं वाटोळं होतं, हे पास्टरांनासुद्धा ठाऊक होतं. पास्टरांचं वाइनमधलं ज्ञान तेवढंच. दुसरा त्यांचा नियम, चर्चच्या हॉलमध्ये थुंकायचं नाही. त्यामुळे नॉयडॉर्फमध्ये चाखलेली प्रत्येक वाइन पोटात जायची, आणि हा एक नियम गावाने जन्मात कधी मोडला नाही.

पहिली बाटली आली. निळा मोजा. एल्ड्रेडने डोळे मिटले, नाक ग्लासात खुपसलं, ‘‘हंऽऽ’’ केलं. काही नाही. हॉल श्वास रोखून बघत होता. त्याने घोट घेतला. गोडसर, जड, जिभेवर ऊन ऊन. बस. एवढं तर कुणीही सांगेल.

दुसरी बाटली. तेच. त्याला एकदम वाटलं, आपण इथे बसून साऱ्या गावाला फसवतोय, आणि त्यातही त्या बाटली धरलेल्या पोरीला. ती पुढे वाकून ओतत होती. तिच्या नखांत अजून सुगीचा जांभळा रंग होता. तिने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

तिसरी बाटली. हिरव्या टाचेचा मोजा.

‘‘खॉक!’’ स्वयंपाकघराच्या दारातून आवाज आला. ‘‘खॉ, खॉक!’’

‘‘व्हर्ना, पाणी देऊ का?’’ पास्टरांनी विचारलं.

‘‘नको नको. काही नाही. खॉक!’’

एल्ड्रेडने ग्लास उचलला. म्हणजे ही. हिच्यापुढे बूच ठेवलं की संपलं. पोरगी राहील, व्हर्ना केक वाढेल, गाव टाळ्या वाजवेल. त्याने घोट घेतला. गुळगुळीत. गालीच्यावरून अनवाणी चालावं तशी वाइन घशाखाली उतरली, कुठे अडकली नाही. त्याला ती आवडली नाही, पण आवडीचं काय घेऊन बसलात! त्याने बूच बोटांत धरलं. शेजारी मर्व पुटपुटला, ‘‘वा! ही झकास आहे. कुणाची आहे कोण जाणे.’’

एल्ड्रेडच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मर्व! ही तर मर्वची! म्हणजे पास्टरांनी मागाहून मोजे बदलले होते, आणि व्हर्ना बिचारी शत्रूसाठी घसा फोडत होती. त्याने बूच परत टेबलावर ठेवलं.

चौथी बाटली आली नि गेली. मग पाचवी, शेवटची. राखाडी मोजा, एका बाजूने उसवलेला. टेगनने ओतली. ओतताना तिचा हात मुळीच हलला नाही. इतका स्थिर हात माणसाचा नसतो, माणूस धरून ठेवतो तेव्हाच तो तसा होतो. पण एल्ड्रेडने ते पाहिलं नाही. त्याला आता कशाचीच आशा नव्हती. हुंगायचं नाटकसुद्धा न करता त्याने मोठा घोट घेतला आणि सवयीने चूळ भरावी तसा तोंडात फिरवला.

आधी गोड. मग आंबट. मग काहीच नाही. आणि मग मागच्या दाढांपाशी, हळूच, हिरड्या आवळून आल्या. बारीक, पिठूळ तुरटपणा; आधी डावीकडे, मग उजवीकडे, मग वर टाळूपर्यंत चढत गेलेला आणि तिथेच ठाण मांडून बसलेला. एल्ड्रेडने डोळे उघडले.

हा तुरटपणा त्याच्या तोंडाला लहानपणापासून माहीत होता. सुगी जवळ आली की बाप त्याला खालच्या बागेत न्यायचा. द्राक्ष तोंडात टाक, गर गिळ, बी चाव. ‘‘वासाचं काय, वास सगळ्यांना येतो,’’ बाप म्हणायचा. ‘‘बी काय म्हणते ते ऐक.’’ कच्ची बी हिरवी, कडवट. पिकलेली करकरीत, तपकिरी, आणि मग दाढांपाशी हे असं. वरच्या बागेची बी असं करत नसे. मर्वच्या बागेची तर नाहीच नाही. लहानपणी चोरून खाल्लेली होती ना! दर वर्षी पोतंभर बिया चावून चावून त्याच्या हिरड्यांनी ती बाग पाठ केली होती. आणि तो खुळा इतके महिने नाकाच्या नावाने रडत बसला होता.

त्याला हसू फुटलं. ग्लासातल्या ग्लासात तो हसला, आणि बूच उचललं. ठेवलं की झालं! पोरगी राहिली!

आणि हात हवेतच राहिला. ओळखलं होतं की त्याने. तर्क नव्हता, योगायोग नव्हता. स्वतःच्या बापासारखं ओळखलं होतं. आता बूच ठेवलं तर तो मर्वचाच भाऊ झाला. उद्या गाव म्हणेल, बापाने लेकीला मत दिलं, त्यात काय मोठंसं. आणि टेगनलाही जन्मभर कळणार नाही, बूच वाइनला पडलं की लेकीला. पण ठेवलं नाही, तर ती सोमवारी होकार कळवणार होती.

‘‘एल्ड्रेड?’’ पास्टर म्हणाले. ‘‘सगळ्यांची बुचं पडली. तुझंच राहिलंय.’’

एल्ड्रेडने उरलेला घोट संपवला. ग्लास उलटा करून टेबलावर ठेवला. बूच खिशात टाकलं. मग खुर्ची मागे सरकवून, टेगनकडे न बघता, तो स्वयंपाकघराकडे चालू लागला. बघितलं असतं तर पाय उचलले नसते.

हॉलमधून पहिला आवाज आला तो मर्वचा. ‘‘अरे! याने खरंच उपडा घातला की रे!’’

दारात व्हर्ना उभी होती. ‘‘हे काय केलंस?’’ ती कुजबुजली. ‘‘मी हिरव्या टाचेला खोकले ना!’’

‘‘ती मर्वची होती.’’

‘‘अगं बाई!’’ व्हर्नाने कपाळावर हात मारला. ‘‘थांब, मी बघते तिकडे काय होतंय. तू केककडे लक्ष दे.’’

एल्ड्रेडने बाह्या वर केल्या आणि ग्लास विसळायला घेतले. छातीत दुखत होतं आणि हलकंही वाटत होतं, दोन्ही एकदम. पोरगी चालली. गेली तरी एक गोष्ट झाली, की तिची वाइन कुणीतरी हजारांत ओळखली. त्याने एक जुनं भजन गुणगुणायला सुरुवात केली. हॉलमध्ये गलका झाला, टाळ्या वाजल्या, खुर्च्या सरकल्या. त्याने ते ऐकलं नाही असं केलं आणि दुसरं कडवं धरलं.

दार धाडकन उघडलं. ‘‘पपा! केक!’’

टेगन ओव्हनकडे धावली. तिने त्याचं दार उघडलं आणि काळ्या धुराचा लोट बाहेर आला. आतून ट्रे निघाला तो कोळशाचा.

‘‘अख्ख्या हॉलमध्ये जळका वास सुटलाय! मर्व म्हणतोय, चर्च पेटलं! आणि तू ओव्हनला टेकून भजनं म्हणतोयस?’’

एल्ड्रेड धुराकडे बघत राहिला. ‘‘मला वाटलं, अजून वेळ आहे.’’

टेगन थांबली. तिने बापाकडे नीट बघितलं, मग ट्रेकडे, मग परत बापाकडे. फळीवरून तिने काहीतरी उचललं. ‘‘डोळे मीट.’’

‘‘कशाला?’’

‘‘मीट म्हणते ना. आता सांग, हे काय आहे?’’

एल्ड्रेडने नाक पुढे केलं, हुंगलं, खूप विचार केल्यासारखं केलं. ‘‘काकड्या. शेपू जरा जास्त झालाय.’’

‘‘भांड्यांचा साबण आहे हा.’’

त्याने डोळे उघडले. ‘‘लिंबाचा?’’

‘‘पपा! कधीपासून?’’

आता लपवून काय उपयोग होता! ‘‘जुलैपासून. त्या सर्दीत गेला वास, परत आलाच नाही.’’

टेगन मनात हिशेब करत उभी राहिली. हिशेब सप्टेंबरपाशी येऊन थांबला, तेव्हा तिने साबण खाली ठेवला. ‘‘म्हणजे तेव्हा, पिंपाशी...’’

‘‘तेव्हा मला वास आला नाही. मी घाबरलो. आणि खापर तुझ्या वाइनवर फोडलं. एक घोटसुद्धा न घेता.’’ ‘‘चुकलो मी, टेगन. इतका गाढवपणा मी जन्मात केला नाही.’’

‘‘आणि आज? वास येत नाही म्हणतोस, मग ओळखलीस कशी?’’

‘‘चावली मला.’’ त्याने गाल ओढून मागची दाढ दाखवली. ‘‘इथे. खालच्या बागेची बी. तू ती वाइनमध्ये जशीच्या तशी आणलीस पोरी. तुझ्या आजोबांनासुद्धा जमलं नसतं.’’

टेगन हसायला लागली आणि त्यातच रडायलाही. धुरामुळे, असं ती म्हणाली. ती विसळलेल्या ग्लासांकडे वळून पाठमोरी उभी राहिली.

‘‘निकाल काय लागला?’’ थोड्या वेळाने त्याने विचारलं.

‘‘बरोबरी. मग पास्टरांनी मत दिलं. मर्वची.’’

‘‘पास्टर!’’ एल्ड्रेड कडाडला. ‘‘त्यांना वाइनमधलं कळतं तेवढंच मला प्रवचनातलं कळतं! गुळगुळीत वाइन आहे ती, नुसतं सरबत!’’

‘‘हळू. तो येतोय.’’

मर्व दारात आला. तोंडभर हसू, पण टोमणा मारायचा सोडून तो उगाच टोपी हातात फिरवत राहिला. ‘‘जिंकलो बरं का,’’ तो म्हणाला. ‘‘पण तिकडे बघतंय कोण माझ्याकडे? सगळे त्या राखाडी मोज्याभोवती जमलेत. म्हणतात, जी हाइन्केने ओळखली ती बघू तरी. मला दुसरा घोट मिळाला नाही, मेल्यांनो.’’ आणि जाता जाता म्हणाला, ‘‘केक छान झालाय.’’

टेगन बाहेर गेली आणि राखाडी मोजा घेऊन आली. तळाशी थोडी वाइन उरली होती. एक धुतलेला ग्लास ओट्यावर उपडा होता, तो तिने सुलटा केला आणि होती नव्हती तेवढी ओतली.

‘‘सोमवारी काय कळवणार?’’ एल्ड्रेडने तिच्याकडे न बघता विचारलं.

‘‘की घरी माणूस कमी आहे. बापाला नाक नाही.’’ तिने ग्लास पुढे केला. ‘‘पुढच्या सुगीला तू माझ्याबरोबर पिंपाशी उभं राहायचंस. नाक माझं, हिरड्या तुझ्या. चालेल?’’

एल्ड्रेडने ग्लास घेतला. तोंडाशी नेला आणि थांबला. आयुष्यभर त्याने जगाला सांगितलं होतं कुठल्या वाइनला कसला वास येतो. कुणाला विचारायची वेळ त्याच्यावर कधी आली नव्हती. त्याने ग्लास तिच्या नाकापुढे धरला.

‘‘सांग गं,’’ तो म्हणाला. ‘‘कसला वास येतोय?’’

टेगनने डोळे मिटले, थेट त्याच्यासारखे, आणि नाक ग्लासात खुपसलं. ‘‘आलुबुखार,’’ ती म्हणाली. ‘‘पिकून फुटलेले. ब्लॅकबेरी. मागे मिरी. ओढ्याकाठच्या निलगिरीच्या झाडाची साल, पावसानंतरची.’’

‘‘आणखी?’’

‘‘आणि जळका केक.’’

‘‘तो वगळ,’’ एल्ड्रेड म्हणाला, आणि सप्टेंबरमध्ये राहून गेलेला तो घोट त्याने घेतला.